पेडलचा आवाज नकली नाही

गिटार वाजवणाऱ्यांत एक मत सोवळ्यासारखं पाळलं जातं: खरा आवाज व्हॉल्व्हच्या अँपचाच, अँपची नक्कल करणाऱ्या पेडलचा तो नकली. बुऱ्हाणपुरात हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि 'खरा अँप' परवडत नाही म्हणून गिटार खुंटीला टांगणारी इतकी पोरं पाहिली आहेत, की हे मत खोडल्यावाचून राहवत नाही.

'खरा' म्हणजे काय? ओव्हरड्राइव्ह हा मुळात अँपचा दोष. झेपेल त्याहून जोराचा सिग्नल आला की व्हॉल्व्हमध्ये लहरींची टोकं चेपतात, मूळ स्वराभोवती नवे उपस्वर उमटतात आणि आवाजाला धार येते. 1964 मध्ये 'यू रिअली गॉट मी'साठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. 1968 मध्ये बीटल्सनी 'रेव्होल्यूशन'च्या गिटारी अँपला न जोडता थेट स्टुडिओच्या मिक्सरमध्ये घातल्या आणि मिक्सरलाच चेपायला लावलं. त्या गाण्याला नकली म्हणायची कोणाची छाती नाही.

दुसरा आक्षेप, हा सगळा संगणकाचा खेळ. तोही सरसकट खरा नाही. न्यूयॉर्कच्या टेक 21 कंपनीच्या अँड्र्यू बार्टाने 1989 मध्ये आणलेल्या सॅन्सअँप या अँपची नक्कल करणाऱ्या पेडलमध्ये संगणक नव्हताच. होतं ते ॲनालॉग सर्किट.

तिसरा आक्षेप मात्र अनुभवाचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. 'पेडल मिक्सरला लावलं की माशी घोंघावते.' साध्या डिस्टॉर्शन पेडलचं तसं होतंच. गिटार अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. टोचणारा भाग तोच गिळतो. मंडपातल्या साउंडचे हॉर्न तो भाग जसाच्या तसा लोकांच्या कानात ओततात. अँपची नक्कल करणारं पेडल हे स्पीकरचं कामही अंगावर घेतं. म्हणून थेट मिक्सरला जाताना स्पीकरची नक्कल चालू हवी, आणि अँपच्या इनपुटला लावताना बंद, नाहीतर दोनदा गाळलेला आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो. आमच्याकडे निम्मी बदनामी या एका बटणापायी झाली आहे.

आपल्या संगीताने हा वाद आधीच पाहिला आहे. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते 1971 पर्यंत. त्या काळातही महाराष्ट्रातलं नाट्यसंगीत पेटीविना झालं नाही की भजन. बंगळूरच्या रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा शेजारी ठेवून कितीतरी गायक रोज रियाज करतात. त्यांच्या षड्जाला कोणी खोटं ठरवत नाही.

आता बुऱ्हाणपूर. व्हॉल्व्हचा अँप मनासारखा फुटायला तो मोठ्याने वाजवावा लागतो, आणि आमच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून यंत्रमाग आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. पेडलला हेडफोन लावून तीच धार कुजबुजीएवढ्या आवाजात मिळते. गणपतीच्या स्टेजवर तीसेक किलोचा अँप चढवायला ना जागा, ना टेम्पोचं भाडं. पेडल पिशवीत मावतं, मिक्सरवाल्याकडे एक वायर जाते.

गमावतो ते मी नाकारत नाही. पाठीमागच्या स्पीकरने हलवलेली हवा अंगाला जाणवते, तारा तिच्या धक्क्याने आपोआप घुमत राहतात. हेडफोनमध्ये ते सुख नाही. पण तो अनुभव वाजवणाऱ्याचा. मंडपातल्या शेवटच्या रांगेला व्हॉल्व्हचा अँपसुद्धा माइक आणि मिक्सरमधूनच ऐकू येतो.

आणि हातही लपत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी सांगतो, दोन सेटिंग करू नकोस. ड्राइव्ह मध्याच्या जरा खाली, गिटारचा व्हॉल्यूम पाचवर: भावगीताचे सुटे स्वर स्वच्छ निघतील. कडव्यानंतर करंगळीने तोच व्हॉल्यूम दहावर ने, पिक जरा जोरात मार. सूर तिथेच फुटतो, आणि हळू मारलास की पुन्हा मिटतो.