पडद्यावरची पहिली खूण

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी एक जुना लॅपटॉप आला. भाचीने गडचिरोलीला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. बहिणीने दोन वर्षे फॉल-पिको आणि सूट शिवून सोळा हजार रुपये जमवले होते. त्या पैशांत नागपूरच्या एका दुकानातून हा लॅपटॉप घेतला. यंत्र चांगले निघाले. खटकणारी गोष्ट एकच. बटण दाबले की पहिल्याप्रथम एका अनोळखी कार्यालयाचे बोधचिन्ह पडद्यावर यायचे, आणि खाली इंग्रजीत ओळ यायची की हे यंत्र अमुक संस्थेची मालमत्ता आहे.

मैत्रिणी हसल्या. भाची रविवारी सावलीला आली ती हट्ट घेऊनच. "मामू, हे चित्र काढून टाका ना. त्या जागी नानांची सही टाकू."

नाना म्हणजे आमचे मरहूम अब्बा. त्यांची उर्दू सही जुन्या हिशेबाच्या वहीत आहे. एका झटक्यात केलेली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. भाचीने मोबाइलवर तिचा फोटोही काढून आणला होता. शाळेत संगणकाचे काम आमच्याकडेच असते, त्यामुळे हे दहा मिनिटांचे काम आहे असा तिचा समज होता. खरे सांगायचे तर आमचाही तोच समज होता.

एके काळी हे काम खरोखर सोपे होते. आम्ही चंद्रपूरला संगणकाचा कोर्स केला तेव्हा वर्गात विंडोज ९५ होते. त्यात सुरुवातीचे चित्र लोगो डॉट सिस नावाच्या साध्या फाइलमध्ये असे. ते ३२० बाय ४०० ठिपक्यांचे आणि २५६ रंगांचे होते. पेंट उघडून चित्र काढायचे, तेच नाव देऊन सी ड्राइव्हमध्ये ठेवायचे, झाले. संगणक बंद करताना येणाऱ्या पाट्याही अशाच बदलता येत. वर्गातल्या पोरांनी त्यावर काय काय लिहिले, ते या कौटुंबिक मासिकात सांगण्यासारखे नाही.

आता तसे राहिलेले नाही. लॅपटॉपचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी विंडोज जागे होत नाही. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेली आज्ञावली आधी जागी होते. जुने लोक तिला बायोस म्हणतात, नवीन प्रकाराला यूईएफआय असे नाव आहे. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, हे ती पाहते आणि मग विंडोजच्या हाती कारभार देते. हे चालू असताना दिसते ते चित्र त्या चिपमधले असते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजही स्वतःचे चिन्ह न दाखवता चिपमधलेच चित्र पुढे दाखवते आणि त्याखाली गोल फिरणारे ठिपके दाखवते. म्हणून विंडोज पुसून पुन्हा टाकले तरी ते बोधचिन्ह जात नाही. बहिणीच्या लॅपटॉपवर तेच घडत होते. दुकानदाराने डिस्क पुसली होती, चिप तशीच राहिली होती.

डेस्कटॉपचा वॉलपेपर आणि लॉक स्क्रीन यांचा याच्याशी संबंध नाही. ती दोन्ही चित्रे विंडोजच्या सेटिंगमधून कोणीही बदलावीत, त्यात धोका नाही. चिपमधल्या चित्राची गोष्ट वेगळी. कार्यालयांसाठी बनवलेल्या काही लॅपटॉपमध्ये कंपनीच ही सोय देते. बायोसच्या अपडेटसोबत ठरलेल्या नावाची छोटी चित्रफाइल ठेवली की ती चिपमध्ये जाते. घरगुती वापराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. मग लोक कुठून तरी बदललेला बायोस आणून टाकतात आणि चांगले यंत्र कायमचे बंद पाडून बसतात.

ही सोय कंपन्यांनी मुळात हौसेसाठी दिलेलीच नाही. मोठ्या कार्यालयात शेकडो लॅपटॉप असतात. एखादा गाडीत राहिला, चोरीला गेला, तर उघडताच तो कुणाचा हे कळावे, हा हेतू असतो. गावात पितळेच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात तसाच हा प्रकार. शादीच्या घरी डेग, पराती नेल्या की परत आणताना नावावरूनच ओळखायच्या.

ही जागा किती मोलाची आहे हे राजकारण्यांनाही उमगले. मार्च २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात अखिलेश यादव यांच्या सरकारने बारावी उत्तीर्ण मुलांना एचपी कंपनीचे लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. ते सुरू करताना पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यांची छायाचित्रे येत, आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. तामिळनाडूत २०११ पासून वाटलेल्या लॅपटॉपवरही जयललितांचे छायाचित्र होते. लॅपटॉप मुलाचा, खरेदी जनतेच्या पैशातून, आणि चेहरा देणाऱ्याचा! पहिले चित्र ज्याचे, त्याचा हक्क त्या वस्तूवर दिसतो.

हे भाचीला समजावत असतानाच आमची जीभ अडखळली. पहिले चित्र मालकाचे असते, तर मग या लॅपटॉपचा मालक कोण?

बहिणीला विचारले, "पावती कुठे आहे?" तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. त्यावर रक्कम आणि तारीख होती. दुकानाचा शिक्का नाही, यंत्राचा क्रमांक नाही. आम्ही गप्प झालो. बहीण ओळखून म्हणाली, "भाईजान, चोरीचा निघाला तर माझे सोळा हजार कोण देणार?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. चित्र पुसून टाकले असते तर प्रश्नच मिटला असता, असेही क्षणभर मनात आले. पण चित्र पुसणे म्हणजे दुसऱ्याच्या परातीवरचे नाव घासून काढणे. सापडलेली वस्तूसुद्धा वर्षभर जाहीर करून मालक शोधावा, ही आपली जुनी शिकवण आहे. इथे तर मालकाचे नाव रोज सकाळी समोर येत होते.

भाची रुसली. बहीण दोन दिवस धड बोलली नाही. आम्ही दुकानात फोन केला, तेव्हा "सर, माल लॉटमध्ये येतो," एवढेच उत्तर मिळाले. मग लॅपटॉप उलटा करून खालच्या पट्टीवरचा क्रमांक लिहून घेतला आणि ज्या कार्यालयाचे बोधचिन्ह होते त्यांना सरळ पत्र लिहिले. आमच्याकडे तुमचे नाव असलेले यंत्र आले आहे, क्रमांक हा, ते तुमचे असल्यास कळवावे. पत्र पाठवून घरी आलो तेव्हा बहिणीला तोंड दाखवायला जड गेले.

अकराव्या दिवशी उत्तर आले. तो लॅपटॉप त्यांनी जुन्या सामानाच्या लिलावात रीतसर विकला होता. त्या क्रमांकाची नोंद होती. बोधचिन्ह काढायचे राहून गेले याबद्दल दिलगिरी, आणि आता ते खुशाल काढावे, अशी परवानगीही होती. अल्हम्दुलिल्लाह! बहिणीने ते पत्र प्रिंट काढून चिठ्ठीसोबत पिशवीत ठेवले. मग दुकानदारालाही पक्के बिल द्यावे लागले.

आता चित्राचे काम. यंत्र कार्यालयीन वर्गातले असल्याने कंपनीची सोय होती. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी आम्ही घेतलेली काळजी घ्यावी. अपडेट फक्त लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून आणि नेमक्या त्याच मॉडेलचे घ्यावे. चित्राचा आकार आणि नाव सोबतच्या सूचनेप्रमाणेच ठेवावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ते आधी थांबवावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर चिपमध्ये बदल झाला म्हणून विंडोज दारातच अडवते. बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. चिपवर लिहिणे अर्धवट राहिले तर लॅपटॉप पुन्हा उठेलच असे नाही. आपल्याकडे पावसात लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून आम्ही वीज कडाडणारी संध्याकाळ सोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ सकाळी बसलो.

कुणीही पाठवलेले तयार चित्र मात्र चिपमध्ये टाकू नये. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लोगोफेल नावाची त्रुटी जाहीर केली. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हे चित्र वाचणाऱ्या आज्ञावलीतच दोष होते. मुद्दाम बिघडवलेले चित्र तिथे पोहोचले, तर विंडोज आणि अँटिव्हायरस जागे होण्यापूर्वीच घुसखोराचा हुकूम चालू शकत होता. त्यावर कंपन्यांनी दुरुस्त्या काढल्या. ताजे अपडेट घेण्याचे हे आणखी एक कारण.

आता भाची बटण दाबते तेव्हा काळ्या पडद्यावर चार-पाच सेकंद नानांची पांढरी सही येते. अम्मींनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा बंद करून लाव." भाचीने तीनदा लावून दाखवली.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. दुकानातच तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिले चित्र नीट पाहा. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. विंडोज नव्याने टाकल्यावर एखाद्या संस्थेचे खाते मागत असेल, तर ते यंत्र अजून त्यांच्याच नोंदीत आहे असे समजून घेऊ नका.

आणि पुढे कधी हा लॅपटॉप विकायची वेळ आली, तर आधी नानांची सही काढायची, हे भाचीने वहीत लिहून ठेवले आहे. घेणाऱ्याला आमच्यासारखे पत्र लिहावे लागू नये.