बिदागीचा खेळ

सिमरोलला मी आठवड्यातून दोन दिवस गाण्याच्या शिकवणीसाठी जातो. खंडवा रस्त्यावरचे हे गाव आता आय. आय. टी.मुळे सर्वांस ठाऊक झाले आहे. तेथे माझ्याकडे शिकणारा एक मुलगा फुटबॉल उत्तम खेळतो. गळा बरा आहे, पाय अधिक बरे आहेत. मध्यंतरी त्याला परदेशातील एका लहानशा क्लबाचे बोलावणे आले. आठ महिन्यांचा करार, राहण्याची सोय, ठरावीक पगार. क्लबाचे नाव मी तरी ऐकलेले नव्हते.

त्याचे आजोबा इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. ते मजकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे तो ऐकतो. त्याला सांगा, देशासाठी खेळ, गावासाठी खेळ. पण पैसे घेऊन परक्या गावासाठी भाडोत्री म्हणून खेळण्यात काय शोभा?"

हा 'भाडोत्री' शब्द मला झोंबला, कारण माझ्या वडिलांचे सारे आयुष्य त्यातच गेले. मिसरूड फुटण्यापूर्वीच ते होळकर दरबारात साथीला बसू लागले होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि तो आधार सुटला. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मी पाहिले ते गावोगाव फिरणारे वडील. कार्यक्रमाचे निमंत्रण घेऊन कोणी आले की चहा येण्यापूर्वीच ते विचारीत, "बिदागी किती?" मी आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसे. मित्रांच्या वडिलांना महिन्याच्या पहिल्या तारखेस न मागता पगार मिळे आणि माझ्या वडिलांना दारात आलेल्या माणसाशी घासाघीस करावी लागे, याची मला लाज वाटे. आज फी मागताना माझाच आवाज खाली येतो, आणि शिकवणीचे दोन-दोन महिने थकतात.

आणि भाडोत्री माणसांना नाक मुरडण्याचा अधिकार आम्हा इंदूरकरांना आहे तरी काय? होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, तो काय सारा राजवाड्याभोवती जन्मलेल्या मुलांच्या बळावर? सी. के. नायडू नागपूरचे, १९२३ साली तुकोजीराव महाराजांनी त्यांना येथे आणले आणि फौजेत हुद्दा दिला. दरबारातील सारंगीचे बुंदू खाँ दिल्लीचे. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढणारा डेनिस कॉम्प्टन तर इंग्रज शिपाईगडी, युद्धकाळात महूच्या छावणीत होता. सिमरोलहून महू काही फार लांब नाही. हाच गृहस्थ लंडनच्या आर्सेनल क्लबाचा पगारी फुटबॉलपटू! डाव्या बगलेवरून खेळे, आणि १९५० साली त्याच्या संघाने तेथील एफ. ए. चषक जिंकला. बाहेरचा येथे येऊन खेळला की आमच्या शहराचे भूषण, आणि आमचा बाहेर गेला की भाडोत्री!

पगारी खेळाचे माहेरघर म्हणजे इंग्लंडातील लँकेशायर परगणा. आपल्या मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या वस्त्या आठवाव्यात, तशी कापडगिरण्यांची गावे. तेथील क्लबांनी स्कॉटलंडहून फुटबॉलपटू आणून त्यांना गुपचूप पैसे दिले. त्यावरून मोठी भांडणे झाली, आणि १८८५ साली फुटबॉल संघटनेला पगारी खेळ उघडपणे मान्य करावा लागला. तेथल्याच क्रिकेट लीगमध्ये प्रत्येक क्लबाचा एक पगारी खेळाडू असे, बाकीचे आपापला कामधंदा सांभाळून खेळणारे. पगारी माणसाने गोलंदाजीही करावयाची, धावाही काढावयाच्या, पोरांनाही शिकवावयाचे. त्याचे अर्धशतक झाले की प्रेक्षकांत वर्गणीची टोपी फिरे. वडिलांना ती टोपी पाहून मुळीच संकोच वाटला नसता.

विजय हजारे, दत्तू फडकर, विनू मांकड हे सारे तिकडे बिदागीवर खेळले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी आपल्या क्रिकेट मंडळाने मांकडांना निवडीची हमी दिली नाही, तेव्हा त्यांनी हॅस्लिंग्डन क्लबाची नोकरी धरली. पुढे लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाले, आणि त्याच मंडळाला मांकडांना क्लबाकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, शिवाय पाच बळी घेतले.

पण माझे मन अडकते ते सुभाष गुप्त्यांपाशी. मुंबईचा हा लेगस्पिनर कित्येक उन्हाळे रिश्टन या गिरणीगावाकडून खेळला. देशासाठी ३६ कसोट्यांत १४९ बळी. त्यांपैकी नऊ कानपूरला १९५८ साली वेस्ट इंडीजच्या एकाच डावात. १९६१ साली दिल्लीच्या कसोटीवेळी त्यांच्या खोलीतून सहकाऱ्याने हॉटेलातील एका बाईंना फोन केला. बाईंनी तक्रार केली. फोन गुप्त्यांनी केला नव्हता, तरी सहकाऱ्याबरोबर त्यांनाही काढून टाकले, आणि ते पुन्हा कधी भारताकडून खेळले नाहीत. त्यांची पत्नी त्रिनिदादची; तेथेच त्यांनी संसार केला आणि २००२ साली तेथेच देह ठेवला. देशासाठी खेळण्यातील शोभा ती हीच असेल, तर गिरणीगावचा आठवड्याचा पगार मला अधिक प्रामाणिक वाटतो. तो निदान ठरल्या दिवशी हातात पडे.

आजोबांपुढे मी हा पाढा वाचला नाही. एवढेच म्हटले, "करारपत्र घेऊन या." आम्ही तिघे ओसरीवर बसून ते दोनदा वाचले. पगाराची तारीख होती, येण्याचे भाडे होते, परतीचे नव्हते. गुडघा दुखावला तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा आणि उरलेल्या महिन्यांचा पगार मिळणार की नाही, याबद्दल अक्षर नव्हते. वडिलांनी चहा येण्यापूर्वीच हे विचारले असते. मुलगा मात्र लाजत होता. असे विचारले तर त्यांना राग येईल, बोलावणे मागे घेतील, म्हणत होता. मी त्याला समोर बसवून पत्र लिहून घेतले.

उत्तर अद्याप आलेले नाही. काल आजोबांनी भर उन्हात येऊन माझे दार वाजविले आणि उंबऱ्यातूनच विचारले, "मास्तर, त्या गुडघ्याचे काही कळले का?"