टीव्हीच्या पाठीमागचा पोर्ट

बेंगळुरूच्या एसपी रोडवर यूएसबी केबल मागितली, की काउंटरवरून आधी प्रश्न येतो, ‘कशाला हवी?’ फोन चार्ज करायला, फाइली हलवायला, की लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर दाखवायला? टोकं तिन्हींची सारखीच, चपट्या गोलसर कडांची टाइप-सी. पण फोनबरोबर मिळणाऱ्या पुष्कळ केबलींतून चार्जिंग होतं आणि यूएसबी २.० च्या वेगाने डेटा जातो. चित्र जात नाही. दुकानदाराने तो प्रश्न विचारला नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येणार हे ठरलेलं.

यूएसबी जन्माला आलं ते हाच घोळ मिटवण्यासाठी. सयाजीराव गायकवाडांचं नाव असलेल्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये गेले. घरच्या माणसांना साधा प्रिंटर जोडताना होणारी तारांबळ त्यांनी पाहिली आणि सगळ्या उपकरणांना एकच जोडणी हवी हा विचार लावून धरला. सात कंपन्यांनी मिळून १९९६ च्या जानेवारीत पहिलं मानक जाहीर केलं. टोक उलटसुलट कसंही बसावं ही कल्पना तेव्हाही होती. पण त्यासाठी तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्च वाढला असता, म्हणून ती मागे पडली, असं भट्ट यांनीच नंतर सांगितलं. ती सोय यायला २०१४ चं टाइप-सी उजाडावं लागलं.

टीव्हीवर यूएसबीचा पोर्ट आला तो पेनड्राइव्हसाठी. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन सगळं घर टीव्हीसमोर बसायचं आणि फाइल दिसायचीच नाही, असं कितीतरी घरांत झालं असेल. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावतच नाही. दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करावा, तर ती टीव्हीला वाचता येईलच असं नाही. मग स्ट्रीमिंगच्या काड्या आल्या आणि त्याच पोर्टातून वीज घेऊ लागल्या. यूएसबी २.० च्या पोर्टाने ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट द्यावेत एवढीच मानकाची अपेक्षा आहे. काडी जास्त मागते, वीज अपुरी पडते आणि ती मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. अशा वेळी सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावावा. टीव्ही बिघडलेला नसतो.

खरा बदल मात्र कॅमेऱ्याने घडवला. २००३ मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूव्हीसी, हे मानक आलं. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, समोरच्या यंत्राशी एकाच भाषेत बोलणार, वेगळा ड्रायव्हर टाकायला नको. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारच्या एका खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला परवानगी दिली. मुंबईच्या बाजूने त्यासाठी विदेश संचार निगमची यंत्रणा वापरायची होती. आज वेबकॅम, लॅपटॉप आणि भिंतीवरचा टीव्ही एवढ्यावर तसं बोलणं जुळतं. या बदलात यूव्हीसीचा वाटा मोठा आहे आणि त्याची दखल फारशी कुणी घेतलेली नाही.

इथे थोडं गणित केलेलं बरं. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला १६ बिट धरले आणि सेकंदाला ३० चित्रं, तर सेकंदाला जवळपास १०० कोटी बिट होतात. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८ कोटी. हे चित्र त्यातून जसंच्या तसं जाणं शक्यच नाही, म्हणून कॅमेरा ते आतल्या आत दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. ५०० कोटी बिटांचा यूएसबी ३.० पोर्ट मिळाला तर तेवढं दाबावं लागत नाही.

व्हाइटफील्ड आणि आउटर रिंग रोडच्या ऑफिसांतल्या मीटिंग रूममध्ये अडचण येते ती अंतराची. टीव्ही आणि कॅमेरा भिंतीवर, लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मधे आठ-दहा मीटर केबल छतातून फिरवून आणायची. यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरपर्यंत भरवशाची, ३.० ची तीनेक मीटरपर्यंत. त्यापुढे सिग्नल उचलून धरणारी अ‍ॅक्टिव्ह केबल किंवा ऑप्टिकल केबल लागते. ही तजवीज फर्निचर लावण्याआधी झाली नाही, तर ऐन मीटिंगमध्ये कॅमेरा गायब होतो आणि दहा माणसं टेबलाखाली वाकून बघत राहतात.

लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर नेण्यातही अशीच गोम आहे. टाइप-सीच्या २४ पिनांपैकी काही डिस्प्लेपोर्टच्या सिग्नलसाठी वळवता येतात, टीव्हीला मात्र एचडीएमआय कळतं. म्हणून अडॅप्टरमध्ये भाषांतर करणारी चिप असते. लॅपटॉपच्या त्या पोर्टात चित्र पाठवायची सोयच नसेल, तर साधा अडॅप्टर कितीही महाग घेतला तरी टीव्ही काळाच राहतो.

२०२३ च्या जानेवारीत भारतीय मानक ब्युरोच्या टाइप-सी मानकाची घोषणा झाली. त्याच घोषणेत टीव्हीसाठीही मानक होतं: आतच उपग्रह ट्यूनर बसवलेला टीव्ही, म्हणजे छत्रीची तार थेट लावून मोफत वाहिन्या बघता येतील, सेट-टॉप बॉक्स नको. दिशा योग्यच आहे. पण टीव्हीच्या खोक्यावर अजूनही ‘यूएसबी २’ एवढंच छापलेलं दिसतं आणि तो २.० चा पोर्ट आहे की दोन पोर्ट आहेत हेही गिऱ्हाइकाला समजत नाही. ५०० कोटी बिटांच्या त्याच वेगाला आधी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १ अशी तीन नावं मिळाली. यूएसबीची संघटना २०२२ पासून नावांऐवजी सरळ वेग आणि वॅट छापायला सांगते आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीवर आणि केबलवर तेवढं छापण्याची सक्ती व्हायला हवी. पोर्ट चित्र घेतो का, कॅमेरा ओळखतो का, वीज किती देतो, या तीन ओळींना जागा कितीशी लागणार?

बेंगळुरूत नोकरीला आलेल्या मुलाने सांगलीच्या घरी टीव्हीवर कॅमेरा बसवायचा ठरवला, तर त्या तीन ओळी फोनवरून वाचून घेता येतील. आज मात्र वडील टीव्ही भिंतीपासून चार बोटं सरकवतात, मोबाइलचा टॉर्च आत धरतात आणि मुलगा पोर्टाच्या रंगावरून अंदाज बांधायला फोनवरून विचारतो, ‘निळा आहे, की काळा?’