वास्तू आणि व्यवहार : रानालगतचा भूखंड

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची मुले आता मेलबर्नला स्थायिक झाली आहेत. तेथे घर बांधावयाचे ठरले की इकडून वडीलधाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात : भाव काय, कर्ज किती, दार कोणत्या दिशेला? रान किती अंतरावर आहे आणि जमीन कोणीकडे उतरते, हे क्वचितच कोणी विचारते.

७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. अशा वणव्यात घर बहुधा ज्वाळांच्या थेट स्पर्शाने पेटत नाही. वाऱ्यावर उडत आलेले निखारे छपराच्या फटीत, पन्हळीतल्या वाळल्या पाल्यात, लाकडी ओट्याखाली शिरतात आणि आग पुढे निघून गेल्यावर घर जळू लागते. झरोक्यांना दोन मिलिमीटरहून मोठी छिद्रे नसलेली धातूची जाळी बसवण्याचा तेथील आग्रह त्यासाठीच आहे.

बांधकामाचे मानक ‘एएस ३९५९’ या नावाने ओळखले जाते. त्या प्रदेशातील वणव्याच्या हवामानाचा निर्देशांक, झाडोऱ्याचा प्रकार, त्याचे घरापासूनचे अंतर आणि झाडोऱ्याखालील जमिनीचा उतार पाहून भूखंडाची श्रेणी ठरते : अल्प धोका, मग १२.५, १९, २९, ४० आणि शेवटी ‘ज्वाला-क्षेत्र’. हे आकडे घरावर येऊ शकणाऱ्या उष्णतेचे, दर चौरस मीटरला किलोवॉटमध्ये मोजलेले आहेत.

यांत उतार हा सर्वांत फसवा. आग चढावर धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या झाडोऱ्याकडे झुकून त्याला आधीच तापवतात. व्हिक्टोरियात सपाट जमिनीवरील दाट जंगलापासून ३० मीटरवरचे घर २९ च्या श्रेणीत बसते. तेच जंगल घराच्या खाली बारा अंशांच्या उतारावर असेल, तर तेवढ्याच अंतरावर घर ज्वाला-क्षेत्रात जाते. म्हणजे टेकडीवरचा, खाली दरीची शोभा दिसणारा भूखंड, ज्यासाठी आपण चार पैसे जास्त मोजतो, तोच बांधकामाला सर्वांत महाग पडू शकतो. काच, दारे, छप्पर, भिंती, सारेच तेथे वेगळे लागते. वसंतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, जागा पाहायला गेलेल्यांना तर सगळे हिरवेगारच दिसते.

विक्रेत्याने द्यावयाच्या ‘कलम ३२’ च्या निवेदनात जमीन वणवाप्रवण क्षेत्रात आहे की नाही, एवढे कळते. श्रेणी कळत नाही. ती जाणकार मूल्यमापकाकडून सहीपूर्वीच काढून घ्यावी. त्याचे शुल्क व्यवहाराच्या मानाने किरकोळ असते. मोठ्या भूखंडात घराची जागा काही मीटर सरकवली तरी श्रेणी उतरू शकते. लहान भूखंडात ती सोय नाही, आणि कुंपणापलीकडचे शेजाऱ्याचे वा सरकारचे रान आपल्याला तोडता येत नाही.

श्रेणीप्रमाणे बांधलेले घर वाचेलच, अशी हमी मात्र ते मानकही देत नाही. अतिभीषण धोक्याचा इशारा असलेल्या दिवशी घर कितीही भक्कम असो, आग दिसण्याची वाट न पाहता आधीच बाहेर पडावे, असे तेथील अग्निशमन यंत्रणा सांगते.