वादाला विषय हवा, वैरी नको

सुट्टीत मुलं मोबाईलवर वादविवाद भरवतात आणि आम्हाला विचारतात, "चालू घडामोडींतला विषय कोणता घ्यावा?" आमचं उत्तर एकच: निर्णयावर वाद घाला, माणसावर नको.

आपल्या नाशिकचा कांदाच घ्या. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यात बंद केली, मे 2024 मध्ये बंदी उठवली. लासलगावला शेतकऱ्याचा भाव पडला. पण शहरातल्या अम्मीला कांदा स्वस्तच हवा होता. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून विषय चांगला.

वक्फचा विषय मात्र मुलं टाळतात. कोणीतरी "तुम्ही लोक" म्हणेल, ही धास्ती. टाळू नका, नेमका करा: ‘राज्य वक्फ मंडळात बिगरमुस्लिम सदस्य असावेत का?’ 2025 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने 11 पैकी 3 हून अधिक नकोत, असं म्हटलं. कागद समोर असला की आवाज चढवावा लागत नाही.

बातमीची आधी शहानिशा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहेच. विषय निवडतानाच ती पाळली, तर बोलल्यावर पस्तावायची वेळ येणार नाही, इन्शाअल्लाह.