पंधरा थाऊ, पण का?

मे महिन्याची दुपार, पारा पंचेचाळिसाच्या पुढे, आणि मोहर्लीहून परत येणारी जुनी पद्मिनी दुर्गापूरच्या अलीकडे बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने गाडी जरा निवली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. दोष पेट्रोलचा की करंटचा? पेट्रोल पंप तापून लाइनमध्ये वाफ धरली तरी लक्षण हेच, आणि गरम झाल्यावर कंडेन्सर किंवा कॉइल दगा देत असेल तरी लक्षण हेच. आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली की खापर पेट्रोलवर फुटतं आणि मालक घरी जातो. पण त्या दहा मिनिटांत कॉइलही निवलेली असते. म्हणजे फडक्याने गाडी सुरू झाली, निदान मात्र झालंच नाही. निदान करायचं तर गाडी बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच, ठिणगी पाहायला हवी. निळी आणि जाड ठिणगी मिळाली तर पेट्रोलकडे वळायचं. पिवळी, बारीक किंवा मुळीच नसली तर फडकं धुऊन ठेवून द्यायचं.

हे उदाहरण आधी घेतलं, कारण या अंकाचा विषय आहे तरुण मेकॅनिकांना जुन्या गाड्यांचं इग्निशन किती येतं. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, वरोरा, कुठल्याही गॅरेजमध्ये बसा, साठीतला मिस्त्री हेच सांगतो: “आजकालच्या पोट्ट्यांले पॉइंटच समजत नाही.” तक्रार खरी आहे. मात्र ती करणाऱ्यांपैकी किती जणांना पॉइंट समजतो आणि किती जणांना तो फक्त लावता येतो, हे कोणी विचारत नाही.

मुलांची बाजू साधी आहे. आज आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करणारा मुलगा जन्मला तेव्हा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी बंद होऊन काही वर्षं झाली होती. तो शाळेत असताना उत्तरपाड्याची अॅम्बेसेडरही २०१४ मध्ये थांबली. मारुती ८०० मध्ये २००० च्या सुमारास इंजेक्शन आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्याने पाहिलेल्या गाडीत ठिणगी कधी पाडायची हे कॉम्प्युटर ठरवतो आणि बिघाड स्कॅनर सांगतो. पद्मिनीत स्कॅनर लावायला जागाच नाही. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. तिच्या डेल्कोत (डिस्ट्रिब्यूटरमध्ये) हात घालणारी माणसं आता काय करणार, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे आपली. पॉइंट उघडल्यावरचं अंतर अॅम्बेसेडरला पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), फियाटला सतरा ते एकोणीस, महिंद्राच्या जुन्या विलिस जीपला वीस. हे आकडे जुन्या माणसांना झोपेतही पाठ असतात. बऱ्याच जणांना फीलर गेजही लागत नाही. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा पॉइंटमध्ये सरकवून बोटाला जाणवलं की झालं. कानस नसेल तर काडेपेटीच्या बाजूने पॉइंट घासतात. काम होतं, गाडी जाते. मग एखादा मुलगा विचारतो, अंतर पंधराच का, दहा का नाही? उत्तर ठरलेलं: “सांगतो तेवढं कर.”

उत्तर खरं तर फार लांब नाही. पॉइंट मिटलेला असतो तेवढा वेळ कॉइलमध्ये करंट चढतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की ते क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. तीच प्लगवरची ठिणगी. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३,००० आरपीएमवर हे सेकंदाला शंभर वेळा करावं लागतं. अंतर जास्त ठेवलं तर पॉइंट मिटलेला कमी वेळ राहतो, कॉइल पुरती भरत नाही आणि वेगात गाडी दम तोडते. अंतर कमी ठेवलं तर पॉइंट नीट उघडत नाही, करंट पटकन तुटत नाही आणि पॉइंट जळतो. पंधरा थाऊ ही या दोन संकटांमधली जागा आहे.

त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. ती न सांगितल्यामुळे किती गाड्या गॅरेजमध्ये परत येतात हे आपण सगळे जाणतो. अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे जातं. कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजली की अंतर घटतं आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी अंतर, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. नवा पॉइंट बसवून टाचेला ग्रीसचा ठिपका लावायला विसरला, तर पाचशे किलोमीटरच्या आत मालक “गाडी ओढत नाही” म्हणून परत येतो आणि आपण कार्बोरेटर उघडून बसतो.

टायमिंग लावायला बारा व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक टोक कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. चावी चालू ठेवून इंजिन खुणेवर आणायचं आणि डेल्को हळूहळू फिरवायचा. बल्ब ज्या क्षणी पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडलेला असतो. मोटरसायकलवाले हेच काम पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून करतात. कागद सुटला की पॉइंट सुटला. दोन्ही रीती अचूक आहेत, आणि दोन्हींमागे एकच कारण आहे. ते एकदा सांगितलं की मुलगा तिसरी रीत स्वतः शोधतो. (चावी चालू ठेवून चहाला मात्र जाऊ नये. पॉइंट मिटलेला असला तर कॉइल तेवढ्या वेळात भाजून निघते.)

ऊर्जानगरच्या आसपासच्या मुलांना हे समजावणं इतर ठिकाणांपेक्षा सोपं असायला हवं. आपल्या शेजारी २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. इथली कितीतरी घरं त्या केंद्रावर चालतात आणि कितीतरी आयटीआयवाले तिथे शिकाऊ म्हणून जाऊन येतात. स्विचयार्डमधला ब्रेकर उघडताना कडांमध्ये ठिणगीची कमान पेटते आणि ती विझवायला काय काय करावं लागतं, हे त्यांनी ऐकलेलं असतं. डेल्कोतल्या अंगठ्याएवढ्या कंडेन्सरचं काम त्याच जातीचं आहे. पॉइंट उघडताना करंट कडांवरून उडी मारायला बघतो, आणि साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा तो डबा त्याला क्षणभर आपल्यात सामावून घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाही, करंट झटक्यात तुटतो आणि ठिणगी जोरदार पडते. कंडेन्सर गेला की पॉइंट पुन्हा पुन्हा काळा पडतो. आपण पॉइंट बदलत राहतो आणि कंपनीला शिव्या देतो.

इथली राख आणि कोळशाची धूळ हाही याच धड्याचा भाग आहे, आणि तो पुण्याच्या पुस्तकात नाही. पद्मापूर-दुर्गापूरच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीची डेल्कोची कॅप जूनमध्ये उघडून पाहा. उन्हाळाभर आत बसलेल्या धुळीवर पहिल्या पावसाची ओल धरते. कॅपच्या आतल्या भिंतीवर दोन टर्मिनलांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते. करंट रोटरवरून प्लगकडे न जाता त्या रेघेवरून शेजारच्या टर्मिनलकडे जातो आणि इंजिन झटके मारतं. कोरड्या फडक्याने पुसून ती रेघ जात नाही, कारण करंटने बॅकेलाइटच जाळलेलं असतं. कॅप बदलावीच लागते. मृगाच्या आधी कॅप आणि हाय टेन्शन वायरी स्वच्छ करून घ्यायचा सल्ला गिऱ्हाइकाला दिला तर ते परत येणार नाही असं वाटत असेल, तर तो विचार सोडा. ते पुढच्या वर्षी दुसरी गाडीही घेऊन येतं.

हे सगळं आपली पिढी कुठे शिकली? बहुतेक जण दहाव्या-बाराव्या वर्षी, गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून. पाना हातात द्यायचा, मार खायचा, बघत राहायचं. त्या शिक्षणाच्या आठवणी रंगवून सांगायची आपल्याला सवय आहे. पण ती मजुरी होती, आणि मुलांची होती. बालकामगार कायद्याने गॅरेजला बंदी असलेल्या कामांच्या यादीत टाकलं, २०१६ च्या दुरुस्तीने काही अपवाद सोडून चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांना मनाई झाली, आणि दोन्ही बरोबर झालं. अडचण एवढीच की त्या वाटेच्या जागी दुसरी वाट कोणी बांधली नाही. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याच्या चौकटीत आपली दोन-तीन माणसांची गॅरेजं बसत नाहीत, आणि आयटीआयच्या वर्गात चालू अॅम्बेसेडर क्वचितच उभी असते. अठरा वर्षांचा मुलगा दारात येतो तेव्हा त्याला पोऱ्यासारखं वागवून चालत नाही. त्याला कारण सांगावं लागतं. ते आपल्यालाच कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जड जातं.

उलट, आपल्याला न येणारं बरंच काही या मुलांना येतं. मल्टिमीटरने कॉइल मोजायला सांगा, दोन मिनिटांत मोजून देतील. बॅलास्ट रेझिस्टरच्या गाडीची साधारण दीड ओहमची कॉइल आणि बिनबॅलास्टची तीन ओहमची, यातला फरक त्यांना लगेच कळतो. आपण मात्र डबा सारखा दिसला की बसवतो, आणि मग पॉइंट का जळतो हे शोधत बसतो. लॅपटॉपला जोडायचा छोटा ऑसिलोस्कोप आता नव्या गाड्यांच्या कामासाठी अनेक गॅरेजांत आला आहे. तोच योग्य जोडणीने पद्मिनीच्या कॉइलला लावला तर ठिणगीची पूर्ण रेघ पडद्यावर येते, आणि ठिणगी विझल्यानंतरच्या लाटा मोजता येतात. लाटा चटकन मरत असतील तर कंडेन्सर किंवा कॉइल कमजोर. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला जे कानाने “काहीतरी कमी आहे” एवढंच कळतं, ते तिथे डोळ्यांना दिसतं. तो पडदा जुन्या मिस्त्रीने मुलाकडून शिकावा असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा नाही.

एक धोक्याची सूचना मात्र उलट्या दिशेने. हाय टेन्शनची वायर काढून इंजिनाजवळ धरायची आणि ठिणगी पाहायची, ही आपली जुनी खोड जुन्या गाडीवर पाव इंच अंतर ठेवून, जवळपास पेट्रोल सांडलेलं नसताना चालते. नव्या गाडीवर तीच खोड मॉड्यूल जाळते आणि हाताला जोराचा धक्का देते. हे मुलांना ठाऊक आहे. अनेक जुन्या हातांना नाही.

आता प्रश्न इलेक्ट्रॉनिक किटचा, ज्यावर दर महिन्याला पत्रं येतात. पॉइंट काढून त्याच डेल्कोत सेन्सर बसवायचा की नाही? रोज चालणाऱ्या गाडीत जरूर बसवा. झीज नाही, अंतर लावायचं नाही, पावसात त्रास कमी. पण भामरागड-सिरोंच्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याला किट विकताना मूळ पॉइंट-प्लेट, कंडेन्सरसकट, अंतर लावून डिकीत ठेवायला सांगा. किट गेलं की जागेवरच गेलं. पॉइंट कसाही असला तरी ब्लेडने घासून घरी आणतो. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांचा मामला वेगळा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, रोजच्या वापराला परवानगी नाही. पद्मिनीच्या पहिल्या गाड्याही आता त्या वयात आल्या आहेत. अशी गाडी हातात आली तर डेल्को जसा होता तसाच ठेवणं हेच तुमचं काम. तिचा मालक त्याच्यासाठीच पैसे देतो.

खरी टंचाई ज्ञानाइतकीच सुट्या भागांची आहे, आणि त्यात कंडेन्सर सगळ्यात वाईट. बाजारात मिळणारा नवा माल नवा असतानाच गळतो, ही तक्रार फक्त आपली नाही. इंग्लंड-अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे शौकीनही तीच करतात. म्हणून चालू गाडीतला जुना लुकास कंडेन्सर केवळ जुना म्हणून काढून टाकू नका. तपासा, चांगला असेल तर राहू द्या.

पुढच्या अंकापासून या मासिकात कंडेन्सरची एक नोंदवही चालवायची आहे. तुमच्याकडे आलेली गाडी, तिचं वर्ष, बसवलेला कंडेन्सर कुठल्या बनावटीचा, बसवताना किती मायक्रोफॅरड भरला आणि किती किलोमीटर टिकला, एवढं एका कागदावर लिहून पाठवा. मोजायला मल्टिमीटर नसेल तर गॅरेजमधल्या मुलाला सांगा. त्याच्याकडे असतो.