सत्त्वावजय चिठ्ठीवर यावा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मन आवरणे हे तिचे स्वरूप. परंतु कापूस-सोयाबीनच्या विवंचनेने झोप उडालेला परभणी जिल्ह्यातील शेतकरी आला, की बहुधा ब्राह्मी-अश्वगंधेवरच भागवले जाते. औषध योग्यच, चिकित्सा मात्र अपुरी राहते.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची निवासी विपश्यना शिबिरे होतात. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला ती साधणे कठीण. तथापि तेथील पहिला पाठ आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे अवलोकन. मन भटकले की न चिडता ते पुन्हा श्वासावर आणावे, एवढी तोंडओळख दवाखान्यातही करून देता येते. औषधाप्रमाणेच मात्रा व काल चिठ्ठीवर लिहावा : निजण्यापूर्वी दहा मिनिटे. पुनर्भेटीत त्याची विचारपूस व्हावी. औषधालयचालकांनीही औषध देताना आठवण करावी.

तीव्र नैराश्य वा आत्महत्येचे विचार आढळल्यास मात्र ध्यानावर विसंबू नये. रुग्णास तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे व टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

दिनचर्येत दंतधावन व अभ्यंग सांगणाऱ्या आम्हां वैद्यांना मनासाठी दहा मिनिटे सांगणे जड का जावे?